पाइप आढ्याच्या वर गेला पाहिजे

शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवरच्या जुन्या घरात धुराला वेगळी वाट ठेवलेली नसते. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौले. चुलीचा धूर माळ्याभोवती घुटमळतो आणि कौलांच्या फटींतून सावकाश बाहेर पडतो. जाता जाता चार कामेही करतो. वाशांना भुंगा लागू देत नाही, बियाण्याला टांगलेली कणसे किडू देत नाही, पावसाळ्यासाठी ठेवलेली सुकट आणि सरपण कोरडे राखतो. धुराला निव्वळ घाण समजून इथली चूल सुधारायला जे आले, त्यांचे अर्धे गणित इथेच चुकले. उरलेले अर्धे बरोबर होते, कारण तोच धूर भाकऱ्या थापणारीच्या छातीत जातो आणि तिच्या मांडीवरच्या पोराच्याही.

धुराला पाइप लावायची खटपट जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघात, मगन चूल घडली. 1953 मध्ये हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी आपली बिनधुराची चूल मांडली. मग 1980 च्या दशकात केंद्राची सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना आली आणि 2002 मध्ये गुंडाळली गेली, तोवर देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्याचा हिशेब कागदावर होता. महाराष्ट्रात योजनेच्या पुढच्या काळात तंत्राची बाजू पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने सांभाळली, डॉ. आनंद कर्वे यांनी ती 1996 मध्ये काढली. लक्ष्मी ही त्या काळात पसरलेली दोन तोंडांची, धुराड्याची चूल. जाळ पुढच्या भांड्याखाली पेटतो, बोगद्यातून वैलाखाली, म्हणजे मागच्या तोंडाखाली, जातो आणि उरलेला धूर मागच्या पाइपात शिरतो.

नाव चुलीचे झाले, पण यंत्र म्हणावे तर तो पाइपच. त्याला पंखा नाही, मोटर नाही. आतली हवा तापून हलकी होते, वर चढते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. ही ओढ पाइपाच्या उंचीवर आणि आतल्या उष्णतेवर चालते. म्हणून आषाढातल्या सकाळी, पाइप गारठलेला आणि लाकूड ओले असले, की पहिला धूर हटकून घरात येतो. मूठभर सुका पेंढा पेटवून पाइप आधी तापवून घेतला, की मग तो वाट धरतो.

बसवण्यातली मेख छपरात आहे. योजनेतला पाइप असायचा सिमेंट-अॅस्बेस्टॉसचा, तीन इंची. तो मधेच कुठेतरी पाख्यातून बाहेर काढून सोडून दिला, तर आढ्यावरून उतरणारा वारा धूर परत आत लोटतो. टोक आढ्यापेक्षा हातभर वर हवे. वर टोपी हवी, नाहीतर पाऊस सरळ चुलीत. कौल काढून केलेल्या भोकाभोवतीची फट बुजवली नाही, तर गळती सुरू होते, आणि गळणारा पाइप घरधनी पहिल्याच पावसाळ्यात उपटून टाकतो. त्याचे चूक कसे म्हणावे? गवताने शाकारलेल्या घरात तर पाइप छपरातून नेऊच नये. भिंतीतून बाहेर काढून, गवतापासून लांब ठेवून मग वर चढवावा. शिवाय हा पाइप करवतीने कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक, हे कापणाऱ्याला सांगायची तसदी त्या काळी फारशी कुणी घेतली असेल असे वाटत नाही.

आणि काजळी. ओल्या लाकडाने ती चिकट होऊन आत थर धरते, तीन इंचांचे दोन होतात. काठीला चिंध्या बांधून वरून फिरवली की काम होते, पण त्यासाठी कौलांवर चढायला हवे, आणि चूल सांभाळणारी बाई सहसा कौलांवर चढत नाही. घरातला पुरुष चढू शकतो, पण धूर त्याच्या डोळ्यांत जात नाही. अनुदान बसवलेल्या चुलीवर मिळे. साफ केलेल्या पाइपाचा रकाना फॉर्मवर नव्हता. ओडिशात अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी काही वर्षे अशा चुलींवर नजर ठेवली, तेव्हा सुरुवातीचा थोडाफार फायदा देखभालीअभावी ओसरलेला दिसला. योजना फसली ती तंत्रामुळे नव्हे, शिडीमुळे, असे माझे मत आहे.

2016 मध्ये गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली, सिलिंडर पाड्यावर पोचले. तरी सिलिंडर भरायचे पैसे जुळेपर्यंत पाणी चुलीवरच तापते. दुसरीकडे मुरबाडच्या रस्त्याला फार्महाउसे उठली आणि त्यांच्या न्हाणीघरांत गॅसचे गीझर लटकले. तिथे पुन्हा जळलेली हवा बाहेर काढण्याचा तोच प्रश्न, पण जास्त जिवावरचा. गळलेल्या गॅसला मुद्दाम मिसळलेला वास असतो. जळून गेलेल्या गॅसला नसतो. हवा कमी पडली की त्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. चुलीचा धूर निदान डोळे चोळायला लावून माणसाला बाहेर काढतो. इथे डोके जड होते, आंघोळ करणाऱ्याला वाटते गरम पाण्याची गुंगी, आणि कडी आतून लावलेली असते.

म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत टांगलेला उत्तम. आतच हवा असेल तर जळलेली हवा नेणारा पाइप थेट बाहेर, वर चढत गेलेला, माळ्यात किंवा छताच्या पोकळीत न सोडलेला. ताजी हवा आत यायला कायम उघडी झडप, आणि एक झरोका जमिनीलगत, कारण गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. थंडी वाजते म्हणून हे झरोके कागद कोंबून बंद करणारे पाहुणे डिसेंबरात येतात. गवंड्याने तिथे कागद टिकणार नाही अशी जाळी बसवावी.