काम होईपर्यंत हलायचं नाही

विंडोजवर आवाज रेकॉर्ड करायचा एक जुना रस्ता आहे: ‘वेव्हइनॲडबफर’ हे सी भाषेसाठी केलेलं फंक्शन. त्याला रिकामा बफर द्यायचा. फंक्शन लगेच परत येतं आणि ड्रायव्हर तो बफर मागाहून, आवाज येईल तसा भरत राहतो. सी-शार्पमधून हे बोलावताना भलेभले फसतात.

डॉटनेटमध्ये मेमरीचा कारभार गार्बेज कलेक्टरकडे असतो. नको असलेले ऑब्जेक्ट तो काढतो आणि उरलेले सरकवून मोकळी जागा सलग करतो. ऑब्जेक्ट हलला की त्याचे सगळे संदर्भही तोच बदलतो, त्यामुळे प्रोग्रॅमरला काही कळत नाही. सी लायब्ररीच्या हाती मात्र नुसता पॉइंटर, म्हणजे एक आकडा. तो कलेक्टरला दिसत नाही, म्हणून दुरुस्तही होत नाही.

2002 साली डॉटनेट आलं तेव्हापासून या दोघांची गाठ घालून द्यायला पी-इन्व्होक आहे. बाइटचा किंवा इंटचा ॲरे दोन्हीकडे सारखाच मांडलेला असतो, त्यामुळे पी-इन्व्होक त्याची नक्कल करत नाही. कॉल चालू असेपर्यंत ॲरे जागच्या जागी पिन करतं आणि थेट त्याचा पत्ता देतं. कॉल संपला की पिन निघाली. बहुतेक फंक्शनांना एवढं पुरतं. (मजकुराचं प्रकरण महागडं आहे. स्ट्रिंगबिल्डर दिला की नकलांवर नकला होतात. तो टाळा, असं मायक्रोसॉफ्टच सांगते.)

आपला ड्रायव्हर मात्र कॉल संपल्यावर लिहितो. तोवर ॲरे सरकला असेल, तर आवाजाचे नमुने भलत्याच ऑब्जेक्टवर जाऊन पडतात. प्रोग्रॅम तिथे कोसळत नाही. कोसळतो तो बऱ्याच वेळाने, ज्या ओळीचा काही दोष नाही अशा ओळीवर.

यातला सगळ्यांत खोडसाळ भाग आकड्यांत आहे. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा, मोनो: एका सेकंदाचा बफर झाला 88,200 बाइटांचा. 85,000 बाइट किंवा त्याहून मोठे ऑब्जेक्ट वेगळ्या हीपवर जातात आणि ती हीप एरवी सरकवली जात नाही. म्हणजे पिन न करताही हा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं सुखाने चालू शकतो. मग कोणीतरी आवाज लवकर हाती यावा म्हणून बफर 8,820 बाइटांवर आणतो आणि सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटतं.

सरळ उपाय म्हणजे जीसीहँडलने बफर पिन करायचा आणि ड्रायव्हरने काम झाल्याचं कळवेपर्यंत सोडायचा नाही. बफरसोबतच्या हेडरलाही हाच नियम. कॉलबॅकसाठी दिलेल्या डेलिगेटला पिन लागत नाही, पण त्याचा संदर्भ कुठेतरी जिवंत ठेवावा लागतो. हे हमखास विसरलं जातं. पिन फुकट नाही. कलेक्टरला तिला वळसा घालावा लागतो आणि हीपमध्ये भोकं राहतात. म्हणूनच 2020 च्या डॉटनेट 5 मध्ये पिन केलेल्या ऑब्जेक्टांसाठी स्वतंत्र हीप आली.

मला विचाराल तर अशा ड्रायव्हरला कलेक्टरची मेमरी देऊच नये. कलेक्टरच्या हद्दीबाहेर नेटिव्ह बफर घ्यावा, भरला की ॲरेत नक्कल करावी. सेकंदाला दहादा 8,820 बाइट हलवणं आजच्या प्रोसेसरच्या खिजगणतीतही नसतं.

तुमच्या कोडमधले ‘डीएलएलइम्पोर्ट’ एकदा चाळा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: फंक्शन परतल्यावर पॉइंटर कोणाकडे राहतो? उत्तर कुठे लिहिलेलं सापडलं नाही, तर तो राहतो असंच धरून चाला.