परगांवचें मैदान

शिंदखेड्याची एखादी मुलगी महाविद्यालयाच्या व्हॉलीबॉल संघांतून आगगाडीनें अमळनेरास वा जळगांवीं सामन्यास निघाली, कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो खेळाचा नव्हे, परतण्याच्या वेळेचा! वडीलधाऱ्यांची ही काळजी आम्ही अनाठायीं मानीत नाहीं. सोबत कोण, मुक्काम कोठें, हें अवश्य विचारावें. परंतु समाधानकारक उत्तर मिळाल्यावर परवानगी अडवूं नये.

१८९५ सालीं अमेरिकेंत विल्यम मॉर्गन यांनीं हा खेळ काढला. १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांचे सामने प्रथमच झाले व जपानी मुलींनीं सुवर्णपदक जिंकिलें. स्त्रियांसाठीं जाळी २.२४ मीटरांवर, म्हणजे पुरुषांहून थोडी खालीं असते. मैदान मात्र तेंच, १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद.

परगांवीं टाळ्या प्रतिपक्षाच्या वांट्यास येतात. तेथें सहाजणींचा आधार सहाजणीच! चेंडू एकीनें उचलावा, दुसरीनें जाळीजवळ उंच द्यावा, तिसरीनें मारावा. एकटीच्या पराक्रमास येथें वाव नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलीस ही शिस्त घरचीच वाटेल.

म्हणून स्टेशनावर तिला उतरवून घेतांना, ‘जिंकलीस का?’ यापेक्षां ‘कशी खेळलीस?’ असें वडिलांनीं आधीं विचारावें, एवढेंच आमचें सांगणें.