खर्चून टाकलेली कार्डे

1987च्या रिलायन्स विश्वचषकाच्या आसपास मुंबईतल्या शाळकरी मुलांच्या खिशात एक नवे चलन खुळखुळू लागले. ‘बिग फन’ बबलगमबरोबर क्रिकेटपटूचे छोटे कार्ड मिळे आणि त्यावर काही धावा किंवा बळी छापलेले असत. ठराविक बेरीज जमली की कार्डे देऊन फ्लिकबुक घ्यायचे. त्याची पाने अंगठ्याने भरभर सोडली की फलंदाज चेंडू टोलवताना दिसे. अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीसारख्या ठिकाणी हा व्यवहार विशेष रंगला. बदलीच्या नोकऱ्यांमुळे तिथे देशाच्या कानाकोपऱ्यांतली कुटुंबे शेजारी राहत. मुलांच्या मातृभाषा वेगवेगळ्या असल्या, तरी ‘तुझ्याकडे डबल आहे का?’ हा प्रश्न सर्वांना कळे.

या कार्डांचे मूळ तंबाखूच्या धंद्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतला माल दबू नये म्हणून अमेरिकी कंपन्या त्यात जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. पुढे त्या पुठ्ठ्यावर चित्रे आली, चित्रांच्या मालिका झाल्या, मालिकांना क्रमांक पडले. पन्नासांतली अठ्ठेचाळीस जमली की गिऱ्हाईक उरलेल्या दोनांसाठी पुन्हा दुकानात येई. ब्रिटनमध्ये विल्स कंपनीने हीच युक्ती उचलली. कार्डाचे खरे आकर्षण असे हातातल्या चित्रापेक्षा हाती नसलेल्या चित्रात आहे.

आपल्याकडच्या मुलांना मात्र कंपनीच्या योजनेची गरज कधीच नव्हती. 1923 साली स्थापन झालेल्या ‘विम्को’चा कारखाना अंबरनाथला होता. त्याच्या, आणि त्याआधी स्वीडन-जपानहून येणाऱ्या काड्यापेट्यांवरचे छाप मुले जमवत. रस्त्यावर पडलेली सिगारेटची पाकिटे उलगडून त्यांचे पत्ते करत. सर्रास मिळणाऱ्या पाकिटाची किंमत कमी, दुर्मिळाची जास्त. भाव गल्लीच ठरवी. हे पत्ते रिंगणात मांडायचे आणि चपट्या दगडाने बाहेर उडवायचे. बाहेर गेला तो आपला. नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्डांवर पैलवानांची उंची, वजन आणि जिंकलेल्या कुस्त्या आल्या, तेव्हा या जुन्याच डावाला छापील आकडे मिळाले.

आज संग्राहकांच्या बाजारात उलटा न्याय चालतो. न हाताळलेले, कोपरे शाबूत असलेले कार्ड सर्वांत महाग. 1909 ते 1911 या काळात निघालेले होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे सिगारेट-कार्ड छपाई लवकर थांबल्याने दुर्मिळ झाले. 2022मध्ये एका प्रतीला साडेबहात्तर लाख डॉलर मिळाले. ‘टॉप्स’ कंपनीने 1952च्या मालिकेतली न खपलेली कार्डे 1960 साली अटलांटिक समुद्रात बुडवली. त्याच मालिकेतले मिकी मँटलचे एक कार्ड 2022मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेले. बुडालेल्या कार्डांनी उरलेल्यांचा भाव वाढवला.

‘बिग फन’चे घडले ते याहून वेगळे. ती बुडवली नाहीत, खर्चली गेली. ज्या मुलाने खेळाचे नियम मनापासून पाळले, त्याच्याकडे शेवटी कार्डे उरलीच नाहीत. आज एखाद्या डब्यात सापडणारे कार्ड बहुधा बेरीज अपुरी राहिलेल्या मुलाचे असते. बाजार त्याच्या कडा तपासेल. पण दुमडलेला कोपरा आणि मागे पेनाने लिहिलेले नाव यांतच ते किती हातांतून फिरले याचा पुरावा असतो.

हा कागद टिकेल याची हमी कुणी दिलेली नाही. जुन्या इमारती रिकाम्या होतात तेव्हा माळ्यावरचे डबे रद्दीवाल्याकडे जातात. घरात असे एखादे कार्ड निघाले, तर पाकिटात ठेवावे आणि वर वर्ष, इमारत आणि ते कुणाकडून कशाच्या बदल्यात मिळाले, एवढे लिहावे. कार्डाची किंमत पुढे कुणीही ठरवू शकेल. त्या अदलाबदलीची माहिती मात्र ते खेळलेल्यांनाच देता येईल.