बिंगो पिनबॉल

बिंगो पिनबॉल : नाणे टाकून खेळावयाचा एक विद्युत् यांत्रिक खेळ. उतरत्या फळीवर सोडलेल्या पोलादी गोळ्या क्रमांकित भोकांत पडतात व त्या क्रमांकांची पत्रिकेवर सरळ ओळ जुळली, तर खेळाडू जिंकतो. हा खेळ विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मुख्यत्वे शिकागो येथील कारखान्यांत विकसित झाला. दिसण्यात तो पिनबॉलसारखा, परंतु व्यवहारात जुगाराच्या यंत्राला जवळचा आहे. त्यामुळे त्याची रचना कायद्याच्या संदर्भावाचून नीट उलगडत नाही.

पूर्वपीठिका : पिनबॉलचे मूळ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये प्रचारात आलेल्या बागातेल या मेजावरील खेळात आहे. खिळे ठोकलेल्या फळीवरून गोळी घरंगळू देण्याची त्यातील कल्पना मुलांच्या खेळण्यांमुळे भारतातही परिचित आहे. माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये स्प्रिंगच्या दट्ट्याने गोळी सोडण्याच्या सुधारणेचे अमेरिकन एकस्व मिळविले. १९३१ मध्ये गॉटलीब कंपनीचे ‘बॅफल बॉल’ व त्यापाठोपाठ ‘बॅलीहू’ ही यंत्रे आर्थिक मंदीच्या काळात लोकप्रिय झाली. बॅली कंपनीचे नाव ‘बॅलीहू’ वरूनच पडले. पुढे जिंकणाऱ्यास रोख नाणी देणारी यंत्रेही निघाली आणि अनेक नगरांनी पिनबॉलवर बंदी घातली. न्यूयॉर्क शहरातील बंदी १९४२ ते १९७६ पर्यंत टिकली.

१९४७ मध्ये गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात फ्लिपर, म्हणजे गोळी परत वर टोलविणाऱ्या लहान दांड्या, प्रथम आल्या. त्यामुळे पिनबॉलमध्ये कौशल्याला वाव मिळाला. बिंगो यंत्रे मात्र याच्या उलट दिशेने गेली. १९५१ च्या जॉन्सन अधिनियमाने जुगाराची यंत्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई केली. त्याच वर्षी बॅलीचे ‘ब्राइट लाइट्स’ व युनायटेड कंपनीचे ‘ए-बी-सी’ ही बिंगो यंत्रे बाजारात आली. ती स्वतः पैसे देत नसत. जिंकलेले फुकट डाव गणकावर नोंदविले जात. पुष्कळ ठिकाणी दुकानदार या डावांचे पैसे खेळाडूच्या हाती ठेवी आणि गणक शून्यावर आणी.

रचना व खेळण्याची रीत : भारतात हाऊजी म्हणून परिचित असलेल्या खेळात तिकिटावर तीन ओळींत पंधरा क्रमांक असतात व ते १ ते ९० यांतून घेतलेले असतात. बिंगो यंत्राच्या उभ्या काचेवरील पत्रिकेत सामान्यतः पाच ओळी व पाच स्तंभ मिळून पंचवीस घरे असतात आणि त्यांत १ ते २५ हे क्रमांक उलटसुलट मांडलेले असतात. फळीवरही तितकीच क्रमांकित भोके असतात. खेळाडूला सामान्यतः पाच गोळ्या मिळतात. गोळी भोकात पडताच तिच्या क्रमांकाचा दिवा पत्रिकेवर लागतो. आडव्या, उभ्या वा तिरप्या ओळीत सलग तीन, चार किंवा पाच दिवे लागल्यास चढत्या प्रमाणात डाव मिळतात. नवा डाव सुरू होताना भोकांखालील सरकती फळी हलते व अडकलेल्या गोळ्या खाली पडतात.

या यंत्रास फ्लिपर नसतात. दट्ट्या किती ओढावा हे खेळाडू ठरवितो; त्यानंतर गोळी रबरी कडे असलेल्या खुंट्यांवर आपटत खाली येते. यंत्रास हलकेच धक्के देऊन तिची वाट बदलता येते व सरावलेला खेळाडू त्याचा काही उपयोग करून घेतो. परंतु धक्का जोराचा झाला, तर आतील लोलक भोवतालच्या कड्याला टेकून विद्युत् मंडल पूर्ण होते आणि डाव रद्द होतो.

खेळाचे खरे आकर्षण जादा नाण्यांत असते. गोळ्या सोडण्यापूर्वी खेळाडू एकामागून एक नाणी टाकू शकतो. प्रत्येक नाण्याबरोबर मोबदल्याचे प्रमाण वाढण्याची किंवा एखादी सवलत मिळण्याची शक्यता असते. खात्री मात्र नसते. ही निवड फिरत्या चकत्या व रिले यांच्या साहाय्याने होते. शिवाय ‘रिफ्लेक्स’ नावाचा भाग यंत्राने अलीकडे किती डाव दिले, यानुसार पुढील सवलती सैल वा आवळ करतो. खेळाडूला यांपैकी काहीच दिसत नाही. म्हणजे गोळी सुटण्याआधीच डावाचे मोल बऱ्याच अंशी यंत्रात ठरलेले असते.

कायदा : १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉर्पन खटल्यात असा निर्णय दिला की, ज्या यंत्रावरील फुकट डावांचे रोख पैसे मिळतात, ते जुगाराचेच यंत्र होय. अशा यंत्रावर करमणुकीच्या यंत्रावरील १० डॉलरऐवजी २५० डॉलर वार्षिक कर बसे. १९६२ च्या अधिनियमाने वाहतुकीवरील मनाईची कक्षाही वाढविली. त्यामुळे या यंत्रांची देशांतर्गत बाजारपेठ आकसली. बेल्जियममध्ये मात्र त्यांना पुढेही गिऱ्हाईक मिळत राहिले.

महाराष्ट्रात हाच प्रश्न १८८७ च्या मुंबई (आता महाराष्ट्र) जुगार प्रतिबंधक अधिनियमाच्या कक्षेत येतो. हा अधिनियम सातारा जिल्ह्यास, तसेच संस्थानांच्या १९४८ मधील विलीनीकरणानंतर आकारास आलेल्या आणि १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सांगली जिल्ह्यास लागू आहे. त्याच्या कलम १३ नुसार निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ पासूनच्या निर्णयांत ‘निव्वळ कौशल्य’ याचा अर्थ ‘कौशल्याचे प्राधान्य’ असा लावला. १९६७ मध्ये रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरला, तर तीन पत्ती निव्वळ यदृच्छेचा. १९९५ च्या शिवानी खटल्यात कर्नाटकातील व्हिडिओ खेळांविषयी विचार करताना यंत्रात फेरफार करून खेळाडूची जिंकण्याची शक्यता घटविता येते, हे न्यायालयाने लक्षात घेतले. शेजारच्या गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांना मुभा मिळाली. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो अधिनियम मात्र कधीच अंमलात आला नाही व २०२३ मध्ये तो निरसित झाला.

पुसेगाव किंवा खरसुंडी यांसारख्या जत्रांत मांडल्या जाणाऱ्या एखाद्या पैशाच्या खेळालाही हीच कसोटी लागते. पैसे लावल्यानंतर निकाल मुख्यतः खेळणाऱ्याच्या हातावर व नजरेवर अवलंबून राहतो की मांडणाऱ्याने आधी केलेल्या योजनेवर, हे पाहावे लागते. बिंगो पिनबॉलमध्ये कौशल्याचा अंश होता, पण मोबदल्याचे प्रमाण खेळाडूपासून झाकलेले होते. खेळाचे रूप आणि जुगाराचा व्यवहार एकाच पेटीत कसे नांदू शकतात, याचे हे यंत्र बोलके उदाहरण आहे. (⟶ जुगार)