सही चालते तोवरची कामे

घरात कुणाला पक्षाघात झाला किंवा डिमेन्शियाचे निदान झाले, की औषधे, डायपर, रात्रपाळीची आया यांची सोय घरचे लोक चार दिवसांत लावतात. कागदपत्रांचे मात्र ‘बघू पुढे’ होते. त्यातले बरेचसे कागद रुग्णाची समज शाबूत असेपर्यंतच करता येतात. घोळ होतो तो इथेच.

गैरसमज : मुखत्यारपत्र केले, आता चिंता नाही.

वस्तुस्थिती : भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, की ते घेणाऱ्याचा अधिकारही संपतो. म्हणजे डिमेन्शिया वाढून या कागदाची खरी गरज लागते, नेमका तेव्हाच तो निकामी होतो. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्यापेक्षा निदान झाल्याझाल्या, आईवडिलांच्या संमतीने, बँक खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने संयुक्त करून घेणे कितीतरी सोपे.

गैरसमज : अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पैसे बँकेत अडकतात.

वस्तुस्थिती : भान आहे, पण सही जमत नाही, अशा खातेदाराचा अंगठा चालतो, हाताचा शक्य नसेल तर पायाचाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार त्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखलाही ‘जीवन प्रमाण’मुळे घरबसल्या, मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो.

गैरसमज : नॉमिनी लावला, म्हणजे वाटणी झाली.

वस्तुस्थिती : बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे हातात घेतो, पण त्यामुळे मालक होत नाही, हक्क वारसांचाच राहतो. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. वाटणी ठरवायची तर मृत्युपत्र हवे. महाराष्ट्रात ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होते. नोंदणी सक्तीची नाही.

गैरसमज : आयुष्मान कार्ड फक्त गरिबांसाठी असते.

वस्तुस्थिती : २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढता येते. कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. घरी ठेवलेल्या आयाचा पगार त्यातून निघत नाही, तो खर्च वेगळा धरावा लागतो.

गैरसमज : व्हेंटिलेटर लावायचा की नाही, ते वेळ आल्यावर मुले ठरवतील.

वस्तुस्थिती : ते रुग्णाला स्वतःलाच आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

गैरसमज : घरात सगळे मिळून करतात.

वस्तुस्थिती : २०२४ च्या केंद्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. देखभाल करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटे जात होती, पुरुषांची ७४. यात मुलांची देखभालही आली. म्हणून कोण काय करणार, हे नावासकट लिहून काढावे. विम्याचा दावा, वीजबिल, औषधांची ऑनलाइन मागणी ही कामे पुण्यातला किंवा परदेशातला मुलगाही करू शकतो. आंघोळ घालणाऱ्या सुनेच्या यादीतून तेवढी तरी कमी होतात.