आखणी आपल्या हातची

पनवेल-रोहा लोहमार्गावर पेण सोडलं की नागोठण्याच्या आधी कासू लागतं. जवळूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो, भोवती भातशेती आहे आणि पलीकडे खारेपाटाचा सखल पट्टा पसरला आहे. या पट्ट्यात गाणं कधी विकत आणावं लागलं नाही. आगरी लग्नात विधींच्या जोडीने धवला गाणारी धवलारीण असते, भाद्रपदात गौरीपुढे बायका फेर धरतात आणि दक्षिणेकडे रोहा-माणगावच्या पुढे जाखडीचे शाहीर दर हंगामाला नवी पदं बांधतात. ‘तू कवी आहेस का, तू गायिका आहेस का’ असं यांतल्या कुणालाही कुणी विचारलं नाही. आता त्याच गावांतली मुलंमुली मोबाइलवर स्वतःचं गाणं लिहून, गाऊन, घरातच ध्वनिमुद्रित करू लागली आहेत. त्याकडे पाहण्याच्या दोन रीती सध्या रूढ आहेत. काहींना तो रिकामपणचा उद्योग वाटतो, काहींना सिनेमाच्या दारात जाण्याची पहिली पायरी. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. गाणं घरात रचणं ही आपली सर्वांत जुनी रीत आहे. मधल्या शंभरेक वर्षांत ती यंत्राच्या किमतीमुळे मागे पडली आणि आता यंत्र स्वस्त झाल्यामुळे तिला पुन्हा वाट मिळाली आहे. ही वाट वापरायची तर एकच अट पाळावी लागेल: शब्द आणि बोली आपली हवी.

रीत किती जुनी, याचे पुरावे भरपूर आहेत. महानुभाव पंथातल्या महदंबेचे धवळे 13व्या शतकातले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव आपण घेतो, तिची रचना लग्नातल्या गाण्याच्या घाटाची आहे. रायगडातल्या ‘धवला’ या नावाशी असलेला तिचा सांधा कानाला लगेच कळतो. त्याहून मोठा पुरावा जात्यावरच्या ओव्यांचा. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये बायकांच्या ओव्या जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारापेक्षा जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या अनेक प्रत्यक्ष आवाजात टेपवर घेतल्या. ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आज कुणालाही ऐकता येतात. माहेर, पाऊस, भाऊ, पंढरी, नवऱ्याचा मार, आंबेडकर असे सगळे विषय त्यांत आहेत. रचणाऱ्या बाया बहुतेक निरक्षर होत्या. विजेच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि ओव्या केवळ आठवणीत उरल्या. त्या वाचल्या, कारण बाहेरून काही माणसं यंत्र घेऊन दारात आली. ज्या गावात तसं कुणी पोचलं नाही, तिथलं गाणं म्हातारीबरोबर गेलं. ध्वनिमुद्रणाचं साधन घरातच असण्याचं महत्त्व इथे कळतं. आता कुणी बाहेरून येण्याची वाट पाहावी लागत नाही.

मधल्या काळात गाणं घराबाहेर कसं गेलं, तेही समजून घ्यायला हवं. 1902 च्या नोव्हेंबरात कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरवला. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. यंत्र महाग, कारखाना महाग. त्यामुळे कोण गाणार आणि काय गाणार हे विक्रीच्या अंदाजावर ठरू लागलं. रात्रभर चालणारं गाणं तीन मिनिटांत बसवावं लागलं आणि एका तालुक्याची बोली सगळ्या मुलखाला कळेल अशी घासून घ्यावी लागली. या व्यवस्थेने आपल्याला अनमोल संगीत दिलं, हे कृतज्ञतेने म्हटलं पाहिजे. महाराष्ट्राच्या ओठांवर असलेली कोळीगीतं आठवा. त्यांतली कितीतरी शान्ता शेळके यांनी लिहिली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केली. ती सुंदरच आहेत. पण किनाऱ्याबाहेरच्या एका थोर कवयित्रीने किनाऱ्याचं मन ओळखून लिहिलेली ती गाणी आहेत. किनाऱ्याने स्वतः स्वतःविषयी काय म्हटलं, हे ऐकायला विठ्ठल उमपांसारख्या लोकशाहिरांकडे आणि गावोगावच्या अनाम गायकांकडे जावं लागतं. स्टुडिओचं दार अरुंद होतं आणि त्यातून आत जाणारे थोडे होते.

ते दार टप्प्याटप्प्याने रुंदावत गेलं. 1963 मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. 1980 च्या दशकात ती भारतात घरोघरी पोचली आणि लहान कंपन्या बोलींतली गाणी, भजनं, शाहिरी बाजारात आणू लागल्या. 1979 मध्ये टॅस्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकावर एक घेता येतील असं यंत्र काढलं. त्याच यंत्रावर अमेरिकेतल्या ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी घरी बसून काही गाणी कच्ची म्हणून मुद्रित केली. मग ती वाद्यवृंदासह स्टुडिओत करून पाहिली, पण घरच्या टेपमधला भाव तिथे उतरेना. शेवटी 1982 मध्ये ‘नेब्रास्का’ या नावाने ती घरची टेपच प्रसिद्ध झाली. 2000 साली ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर आलं. 2019 मध्ये बिली आयलिश या मुलीने भावाबरोबर त्याच्या झोपण्याच्या खोलीत मुख्यत्वे घडवलेला गाण्यांचा संच निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. चांगल्या गाण्याला मोठी इमारत लागतेच, हा समज यामुळे मोडतो. घर आणि स्टुडिओ यांत आज उरलेला फरक खर्चाइतकाच सवयीचा आहे.

ती सवय लावून घेणं अवघड नाही. ध्वनिमुद्रणात पहिला विचार करायचा तो खोलीचा. सिमेंटच्या उघड्या भिंती आवाज परत फेकतात आणि गाणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. खोलीत टाळी वाजवून पाहावी. तिच्यामागे शेपूट ऐकू आलं तर गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांच्यामध्ये बसून गावं. पंखा बंद ठेवावा. कासूसारख्या गावात मालगाडीचा दणका आणि महामार्गावरची घरघर कुठल्याही यंत्राने पुरती पुसली जात नाही; गाड्यांच्या वेळा पाहून पहाटे किंवा रात्री उशिरा बसावं. पावसाळ्यात पत्र्याखाली मुद्रण होत नाही. ते महिने लिहिण्याला द्यावेत. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरावा, कारण मराठीतल्या फ, भ, ध या महाप्राण अक्षरांबरोबर हवेचा झोत सुटतो आणि समोर धरलेल्या माइकवर तो फट्‌कन आदळतो. आवाजाची पट्टी वरच्या टोकाला टेकू देऊ नये. डिजिटल यंत्रात टोक ओलांडलेला सूर फाटतो आणि फाटलेला सूर पुन्हा सांधता येत नाही. बोलण्यासाठी केलेली ‘गोंगाट कमी करा’ ही सोय बंद करावी, कारण ती तंबोऱ्याचा किंवा पेटीचा लांबलेला सूरही गोंगाट समजून खाते. तालावर गाताना तारेचे इअरफोन वापरावेत, कारण बिनतारीमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि गाणारा तालामागे पडतो. मूळ मुद्रण ‘वेव्ह’ स्वरूपात जपावं. एका आवाजाचं तीन मिनिटांचं गाणं त्यात साधारण 16 एमबी जागा घेतं, म्हणजे आजच्या मोबाइलला ते काहीच जड नाही.

यंत्र एका आठवड्यात हाताखाली येतं. लिहिण्याला मात्र वेळ द्यावा लागतो. नवख्याने मोकळ्या ओळींपेक्षा बांधलेल्या घाटापासून सुरुवात करावी. अभंगाच्या मोठ्या प्रकारात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण आणि दुसऱ्या-तिसऱ्याला यमक असतं. ओवी साडेतीन चरणांची, तिला कितीही ताणता येतं. केरव्याच्या आठ किंवा दादऱ्याच्या सहा मात्रांवर आपल्या भागातली कितीतरी गाणी बसतात. घाट तयार असला की लक्ष आशयावर राहतं. आशय घरातलाच असावा. खाऱ्या पाण्याने नासलेलं शेत, कारखान्यात पाळीला जाणारा बाप, पेणच्या कारखान्यांत मूर्ती रंगवणारी आई, रुंदीकरणात गेलेलं आंब्याचं झाड, असे विषय मुंबईच्या गीतकाराला सुचणार नाहीत. आणि ते ज्या बोलीत सुचतात त्याच बोलीत लिहावेत. आगरीत पाणी ‘पानी’ होतं, गाडी ‘गारी’ होते, डोळ्याचा ‘डोला’ होतो. हे उच्चार शाळेच्या वहीत लाल शाईने खोडले गेले, म्हणून ते चुकीचे ठरत नाहीत. गळ्यातून येताना त्यांचा स्वतःचा नाद असतो, आणि प्रमाण भाषेत बदलून गायलं तर तो नाद पहिल्यांदा हरवतो.

यावर गंभीर आक्षेप आहेत. पहिला आक्षेप असा, की सगळेच गाऊ लागले तर सुमार गाण्यांचा ढीग साचेल. ढीग साचेल, हे खरं आहे. पण लाखभर ओव्यांतही सगळ्या सारख्या तोलाच्या नाहीत. त्या लाखांमुळेच काही शे अजोड ओव्या जन्मल्या. शिवाय मुद्रित केलेलं प्रत्येक गाणं जगापुढे ठेवलंच पाहिजे असं नाही. मुद्रण हा गाणाऱ्याचा आरसाही आहे. आपला सूर कुठे उतरतो, शब्द कुठे तुटतो, हे दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कानांनी ऐकणाऱ्याची प्रगती वेगाने होते. पूर्वी हा आरसा फक्त व्यावसायिक गायकाला मिळत असे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. लोकगीत मेळ्यात जन्मतं, तोंडोतोंडी बदलतं. बंद खोलीत एकट्याने गाऊन यंत्रात ठेवलं तर ते गोठणार नाही का? धोका आहेच, पण तो टाळता येतो. फेराचं गाणं फेरातच मुद्रित करावं. विजेचे माइक येण्यापूर्वी, म्हणजे साधारण 1925 पर्यंत, गायक भोंग्याजवळ आणि वाद्यं अंतरावर उभी करून आवाजांचा तोल साधत. तीच युक्ती ओटीवर चालते: मोबाइल मधोमध ठेवावा, मुख्य गळा जवळ, साथ देणाऱ्या बाया दोन पावलं मागे आणि ढोलकी सर्वांत लांब. एकच गाणं दोन वर्षांनी पुन्हा मुद्रित करावं आणि दोन्ही जपावीत, म्हणजे त्याचं बदलणंही जपलं जाईल. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला गाणारीचं नाव, गाव आणि तारीख बोलून ठेवावी. ज्यांनी आपली गाणी रचली त्या आज्यांची नावं हरवली. पुढच्या पिढीच्या बाबतीत तसं होऊ नये.

तिसरा आक्षेप हक्काचा. दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवायचे का? जाखडीत, भजनात गाजलेल्या सिनेचाली सर्रास घेतल्या जातात, पण ती सवय मुद्रण प्रसिद्ध करताना अडचणीची ठरते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे धरले आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं टिकतो. आनंदाची बाब अशी, की हाच कायदा कासूतल्या मुलीच्या गाण्यालाही तेवढंच संरक्षण देतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पारंपरिक चाल घ्यावी किंवा स्वतःची बांधावी. मग गाणं सर्वस्वी आपलं.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. तयार ठेके, सूर सुधारणारी साधनं आणि चार ओळींची मागणी केली की अख्खं गाणं बनवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हाताशी असताना स्वतः कष्ट कशाला? याचं उत्तर पेण तालुक्यातच आहे. पेण, जोहे, हमरापूर इथे गणेशमूर्ती पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत घडल्या. घरात घडली म्हणून पेणच्या मूर्तीला कुणी दुय्यम मानत नाही. उलट तिचा नावलौकिक देशाबाहेर गेला. मूर्तीचं अंग साच्यातून निघतं, पण डोळ्यांची आखणी हातानेच होते आणि त्या आखणीने मूर्ती जिवंत वाटते. गाण्यातही ठेका साच्याचा घेतला तरी बिघडत नाही. मात्र शब्द, बोली आणि सांगण्याचं कारण ही गाण्याची आखणी आहे. जगातल्या सगळ्या गाण्यांची सरासरी काढणाऱ्या यंत्राला कासूच्या खाचरात कोणत्या साली बांध फुटला आणि त्या रात्री घरात काय बोलणं झालं, हे ठाऊक नाही. ते ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ते गायला हवं.

म्हणून ज्यांच्या मनात दोन ओळी घोळत आहेत, त्यांनी त्या आज लिहून काढाव्यात आणि रात्री गाडी गेल्यावर, पंखा बंद करून, एकदा गाऊन ठेवाव्यात. आणि ज्यांच्या घरात धवला येणारी आजी आहे, त्यांनी स्वतःच्या गाण्याआधी तिच्यासमोर मोबाइल ठेवावा. आपलं गाणं पुढच्या वर्षीही लिहिता येईल. तिचं गाणं या वर्षीच घ्यायला हवं.