जुन्या मोटारीचा वेगकाटा

मोटारीत पुढच्या बाकावर बसायला मिळाले, की आपली नजर हमखास काट्याच्या तबकडीकडे जाते. काटा ४० वर असला म्हणजे गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने धावत आहे, असे आपण मुकाट्याने मान्य करतो. पण काट्याला हे कळते कसे? आणि त्याने चुकीचे सांगितले तर?

अलिबाग, रेवदंडा, मुरूड या भागात एखाद्या नारळी-पोफळीच्या वाडीत जपून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी उभी असली, तर हा प्रश्न तेथे नुसता पुस्तकी राहत नाही. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. १९६४ साली ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बाहेर पडली. पद्मिनी हे नाव तिला पुढे १९७४ च्या सुमारास मिळाले. २००० सालच्या आसपास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या टॅक्सीही गेल्या. हौशी लोकांनी सांभाळलेल्या गाड्या मात्र अजून धावतात. किनाऱ्यावर त्यांचा मोठा शत्रू म्हणजे खारी, दमट हवा. पत्र्याचा गंज डोळ्यांना दिसतो. तबकडीमागे काय चालले आहे ते दिसत नाही.

अशा गाडीत गिअरबॉक्सपासून तबकडीपर्यंत एक लांब नळी येते. तिच्या आत पोलादी तारांचे थर उलटसुलट दिशांनी गुंडाळून केलेली लवचीक केबल असते. चाके फिरली की ती नळीत स्वतःभोवती फिरते आणि तबकडीमागचा एक छोटा चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि काटा या वाटीला जोडलेला असतो. गंमत अशी, की वाटी आणि चुंबक एकमेकांना कोठेही टेकत नाहीत! मध्ये नुसती हवा.

बरे, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही हे तर तुम्हांला ठाऊकच आहे. मग वाटी हलते कशी? चुंबक फिरू लागला की वाटीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र सारखे बदलत राहते. त्यामुळे तिच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत् प्रवाह उत्पन्न होतात. त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. लेंझच्या नियमाप्रमाणे हे प्रवाह आपल्याला जन्म देणाऱ्या बदलाला विरोध करतात. म्हणजेच वाटी चुंबकामागून फिरू पाहते. एक केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे ओढून धरते. चुंबक जितका वेगाने फिरेल तितकी ओढ जास्त आणि तितका काटा पुढे. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले.

हे घरी पाहता येते. पाण्यावर ॲल्युमिनियमची हलकी वाटी तरंगत ठेवा. तिच्या आत, तळाला न टेकता, एक जोरकस पट्टीचुंबक दोऱ्याने आडवा टांगा आणि दोऱ्याला पीळ देऊन सोडा. वाटी हळूहळू त्याच दिशेने फिरू लागेल. ‘हे तर वाऱ्याने झाले’ असे कोणी म्हणाले, तर चुंबकाच्या जागी तेवढाच लाकडी तुकडा फिरवून दाखवा.

चुंबकावरून आठवले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवावी लागली. तेथील वेधशाळा १९०४ साली सुरू झाली. तिच्या इमारतीत लोखंड वापरले नाही, कारण लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मोजमापात गडबड होते. त्याच अलिबागेत खाऱ्या हवेने एखाद्या मोटारीच्या चुंबकाचे काम बिघडावे, हा योगायोगच.

आता दुरुस्तीकडे वळू. येथे हत्यारांआधी विचार लागतो. त्याच केबलवर दोन कामे चालतात: काटा वेग दाखवतो आणि खालचे आकडे अंतर मोजतात. आकडे दातेरी चाकांनी फिरतात. त्यांचा चुंबकाशी संबंध नाही. म्हणून काटा आणि आकडे दोन्ही थांबले, तर बहुधा केबल तुटली आहे. आकडे पुढे सरकतात पण काटा मेला आहे, तर दोष वाटी, स्प्रिंग किंवा काट्याच्या टेकणीत आहे.

काटा थरथरत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा तिला मुरड बसली आहे. ती अडखळते, तिच्यात पीळ साठतो आणि मग एकदम सुटतो. अशा वेळी केबल बाहेर काढून रॉकेलने पुसावी आणि सपाट फरशीवर बोटांनी लोळवावी. एखाद्या ठिकाणी ती उडी मारत असेल तर तेथे मुरड आहे. ती केबल बदलावी. चांगली असेल तर पातळ ग्रीस लावावे, पण तबकडीकडचा वरचा भाग कोरडा ठेवावा. नाहीतर फिरत्या केबलबरोबर ग्रीस वर चढते आणि वाटी चिकटून बसते. हौसेने भरपूर ग्रीस भरणारे येथेच फसतात.

सर्वांत घातक दोष मात्र शांत असतो. काटा छान स्थिर असतो, पण खोटा. किलोमीटरचे दगड असलेला मोकळा रस्ता गाठा. काटा ४० वर स्थिर ठेवायला चालकाला सांगा. घड्याळ दुसऱ्याने धरावे. दोन दगडांमधील अंतर ९० सेकंदांत तुटायला हवे. समजा, ७२ सेकंदच लागले. तर खरा वेग ताशी ५० किलोमीटर आहे! ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ५० चा वर्ग भागिले ४० चा वर्ग, म्हणजे सुमारे दीडपट. वळणापलीकडे शाळेतून सुटलेली मुले असतील, तर हा फरक आकडेमोडीपुरता राहत नाही.

आता आकड्यांकडे पाहा. अंतर बरोबर आणि वेगच कमी दाखवत असेल, तर चुंबक अशक्त झाला असेल किंवा काट्याची टेकणी गंजून जड झाली असेल. पण अंतरही दर १०० किलोमीटरला ८० च भरत असेल, तर मात्र चुंबकाला दोष देऊ नका. बहुधा भंगारातून दुसऱ्याच गाडीचा मीटर आणून बसवला आहे. कितीतरी मीटरच्या तबकडीवर एक छोटी संख्या छापलेली असते: एका किलोमीटरला केबलचे किती फेरे हवेत ती.

आपल्या गाडीची संख्या मोजणे सोपे आहे. गाडी सपाट मैदानात नेऊन इंजिन बंद करावे आणि गिअर काढून ठेवावा. तबकडीमागून केबल सोडवून तिच्या टोकाला कागदाचे निशाण चिकटवावे. मग गाडी बरोबर २५ मीटर ढकलावी आणि निशाणाचे फेरे मोजावेत. २० फेरे झाले, तर किलोमीटरला २० गुणिले ४०, म्हणजे ८०० फेरे. तबकडीवर १००० छापले असेल, तर चोर सापडला: मीटर त्या गाडीचा नाहीच.